मुर्ध्याच्या उघाडीला मागणी

आमच्या मंडळात वस्तू विकत घेत नाहीत, मागणी घालतात. लग्नाच्या मुलीला घालतात तशीच. नारळ, खण, हळदकुंकू, विड्याची पानं आणि बरोबर बोलायला एक जाणतं माणूस. नवीन सभासद हे ऐकून हसतो. एखाद्या मागणीला येऊन गेला की मग हसत नाही.

हे काही आम्ही अक्कल लढवून काढलेलं नाही. नाइलाजातून झालं. मीरा-भाईंदरच्या जुन्या वस्तू, कपडे, फोटो जमवायचे म्हणून आम्ही इतिहास मंडळ काढलं तेव्हा वर्गणी एवढीच जमायची की ती चहा आणि झेरॉक्समध्ये संपायची. तशात राईतल्या एका घरी मोठं दगडी उखळ पडून आहे असं कळलं. आम्ही गेलो आणि घरच्या बाईंना विचारलं, विकत द्याल का? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची सून पळवायला आलेय. ''घरातला उखल कोन इकतं काय?'' मग मी म्हटलं, तसंही पडूनच आहे, असंच दिलंत तर? त्यावर त्या दुप्पट चिडल्या. ''असाच न्यायला आमी टाकलाय काय ता?''

आम्ही हात हलवत परत निघालो. रस्त्यात आमची सचिव, जी राईचीच आहे आणि तिथल्याच शाळेत शिकवते, एकदम थांबली. म्हणाली, ''ताई, आपण घरातलं असं काय देतो, जे विकतही नाही आणि टाकतही नाही?'' मी म्हटलं, काय? ती म्हणाली, ''मुलगी.''

पुढच्या रविवारी नारळ आणि खण घेऊन गेलो. त्याच बाईंनी ओसरीवर चटई अंथरली, शेजारणींना हाक मारली, उखळाला हळदकुंकू लावलं आणि ते रिकामं जाऊ नये म्हणून त्यात मूठभर तांदूळ टाकले. टेम्पो निघाला तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी माझ्या दुकानात परतल्यावर शिवणाच्या मशीनवर बसून रडले. मला रडायला आलेलं आवडत नाही, पण ते आवडलं.

तेव्हापासून हीच रीत. दिवाळी झाली की आम्ही माहेरपण ठेवतो. ज्यांनी वस्तू दिल्या ती सगळी घरं येतात, आपल्या वस्तूला हात लावून जातात, फराळ करतात आणि मांडणीत चुका काढतात. 'आमची किसणी त्या माणसांच्या शेजारी का ठेवली' असली भांडणं होतात. व्हायलाच पाहिजेत. जिथे भांडण नाही तिथे आपलेपणा नाही, असं माझं मत आहे.

आता मी कोण, ते सांगते. भाईंदर पूर्वेला स्टेशनच्या अंगाला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि गिऱ्हाइकांना बसायला बाकडं. मी मूळची रत्नागिरीकडची. लग्न करून इथे आले आणि इथलीच झाले, असं मी समजते. बाकीच्यांचं मत वेगळं असतं. मंडळाची अध्यक्ष मी झाले, कारण पहिल्या सभेत सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मला घरी जायची घाई होती.

आणखी एक गोष्ट. ''मीरा-भाईंदरला कसला आलाय इतिहास? बिल्डिंगीच तर आहेत,'' असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एका लग्नात असं म्हणणाऱ्या पाहुण्याला मी जेवणाच्या ताटावरून उठवलं होतं. उठवून तीन गल्ल्या पलीकडे नेलं आणि आमचा माळा दाखवला. जेवण गार झालं त्याचं, पण परत येताना त्याने वर्गणी दिली.

तो माळा आमच्या खजिनदारांचा. भांड्यांचं दुकान आहे त्यांचं, मुख्य रस्त्यावर. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणतो, ते मला बेन म्हणतात. दुकानावरचा पोटमाळा त्यांनी मंडळाला वस्तू मांडायला दिला, भाड्याचा विषय आजवर काढला नाही. मात्र दुकानातली जागा म्हणाल तर बोटभरसुद्धा कुणाला देणार नाहीत. एकदा मी पायरीवर पिशवी ठेवली तर म्हणाले, ''बेन, तिथे कुकरचं गिऱ्हाईक उभं राहतं.''

तर असं आमचं मंडळ चाललेलं असताना, नवरात्राच्या आधी, सचिव धापा टाकत माझ्या दुकानात आली. मी एका बाईंच्या खांद्याचं माप घेत होते. ती म्हणाली, ''ताई, मुर्ध्याची उघाडी चालली.''

ज्यांनी मिठागर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीच्या बांधात एक लाकडी दार असतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं तेव्हा ते वर उचलायचं, घेऊन झालं की खाली सोडायचं. दोन बाजूंना दोन खांब, खांबांना खाचा, त्या खाचांतून वरखाली सरकणारी जाड फळी. फळीच्या वरच्या भागात भोकं असतात. हवी तेवढी फळी उचलायची आणि भोकात खुंटी घालून तिथेच अडकवायची. ह्यालाच उघाडी म्हणतात. हे दार आहे म्हणून पाणी आपल्या सांगण्यात राहतं, आणि पाणी सांगण्यात राहिलं की मीठ पिकतं. मुर्धा, राई, सगळा हा पट्टा मिठावर उभा राहिला. आणि त्या मिठाचं आमच्या माळ्यावर काय होतं? एक फावडं. तेही अर्धं.

मुर्ध्यातल्या एका घराने मिठागर बंद झाल्यावर आपली उघाडी बांधातून काढून परसातल्या शेडमध्ये उभी करून ठेवली होती. आता ती जागा बांधकामाला चालली होती, शेड पाडायची होती. जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन दार पसंत करून गेला होता. त्याची रक्कम ऐकून सचिवचा आवाज बसला. आमच्याकडे तेवढे पैसे कधी नव्हते, पुढेही असण्याची चिन्हं नव्हती.

''मग आपल्याकडे काय आहे?'' मी विचारलं.

''नारळ,'' ती म्हणाली.

रविवारी गेलो. मी, सचिव आणि शेठ. शेठ कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मुलाकडच्या मामासारखे. माझ्या हातात ओटीचं ताट होतं. 

घर दोन भावांचं. थोरला वारलेला, त्याची बायको होती, सत्तरी ओलांडलेली, ताठ बसणारी. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. धाकटा भाऊ म्हणजे त्यांचे दीर, त्यांना काका. दाराची मालकी दोघांची मिळून. काका खुर्चीत बसले होते, मावशी उंबऱ्याशी पाटावर.

सचिवने बोलणं सुरू केलं. उघाडीला मागणी घालायला आलोय म्हणाली. काकांना गंमत वाटली, पण त्यांनी ती लपवली. मग ते माझ्याकडे वळले.

''बाय, तुमचा गाव कोनता?''

''रत्नागिरीकडचं.''

''मंग तितलाच इतिहास करायचा ना. आमचे खाडीवर कनाला?''

माझा पारा चढला. ताट मांडीवर नसतं तर मी उठले असते. पण ताटात नारळ होता, आणि मागणीला गेलेल्या माणसाने राग खिशात ठेवायचा असतो. मी म्हटलं, ''काका, सून पण बाहेरूनच येते. घर मग तीच सांभाळते ना?''

उंबऱ्याशी मावशी हसल्या. मग त्या पहिल्यांदा बोलल्या. ''त्यो लाकरावाला सांगत व्हता, ह्या दाराचा टेबल करनार. वर काच लावनार. लोका त्यावर जेवनार.'' शब्द चावून टाकावा तसं त्यांनी 'टेबल' म्हटलं. ''आमचे मालकानी जलमभर ता उभा ठेवला. दार उभाच ऱ्हायला पायजे. आडवा जाला का मेला ता.''

शेजारच्या प्लॉटवर सिमेंटचं मिक्सर घरघरत होतं. मी म्हटलं, ''मावशी, आमच्याकडे उभंच राहील. शब्द देते.''

शब्द दिला. मोजलं काही नाही. मी, जिचं उभं आयुष्य मापं घेण्यात गेलं, त्या दिवशी टेप घरी ठेवून आले होते, कारण ओटीच्या ताटात ती शोभत नाही असं मला वाटलं. शेठनी शर्टाला इस्त्री केली, सचिवने मुहूर्त पाहिला, मी खणाचा रंग तीनदा बदलला. माळ्याची उंची कुणीच आठवली नाही.

काकांनी मान हलवली. पण ते व्यवहारी माणूस होते. म्हणाले, मुलगी द्यायची तर आधी घर बघतात. दसरा झाल्यावर आम्ही दोघं तुमचं घर बघायला येतो. दार तिथे मानाने उभं राहत असेल तर घेऊन जा, आम्हाला पैसा नको. नसेल राहत, तर व्यापाऱ्याला मी तोवर थांबवून ठेवलंय, त्याचा टेम्पो येईल. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला राग धरायला जागा उरली नाही.

मग शेडमध्ये जाऊन दार पाहिलं. वरचा भाग करडा, खालचा काळा, खाऱ्या पाण्याने लाकडाची पोटं कोरून टाकलेली, रेघा उभ्या राहिलेल्या. मी हात फिरवला तर तळव्याला खडबडीत मीठ लागलं असं वाटलं, इतक्या वर्षांनीसुद्धा. भोकं होती, खुंटी नव्हती. मी विचारलं. काका म्हणाले, हरवली कधीची. मावशी आमच्या मागे उभ्या होत्या, त्यांनी नुसतं दाराकडे पाहिलं.

जाताना शेठ सहज म्हणाले, ''बेन, हे माळ्यावर चढेल ना?''

मी कपाळाला हात लावला. 

दुसऱ्या दिवशी सचिवने शाळा सुटल्यावर जाऊन माप आणलं. मी माळ्यावर टेप लावली. दार उभं केलं तर वीतभर छताच्या वर जात होतं. मी तीन कोपऱ्यांत मोजून पाहिलं. जणू एखाद्या कोपऱ्यात छत जरा मोठ्या मनाचं निघेल. तसं काही नसतं.

''थोडा तिरका ठेवला तर?'' शेठ म्हणाले. ''दिवाराला टेकवून. कौन देखनेवाला है?''

''मावशी बघणार आहेत.''

''त्या एकदा येतील. मग आपण...''

''शेठ,'' मी म्हटलं, आणि माझा आवाज खालपर्यंत गेला असावा, कारण खालचं गिऱ्हाईक वर बघायला लागलं. ''तुम्ही पातेलं विकताना सांगता बुडाला तांबं आहे. मग हातात ॲल्युमिनियमचं देता का?''

''कधीच नाही, बेन!'' ते खरोखर दुखावले.

''मग उभं म्हणजे उभं.''

ते खाली गेले. मीही घरी गेले. पुढचे दिवस मी गुडघाभर काळजीतून चालत होते. नवरात्रात ब्लाउजांची रांग लागलेली, आणि मी प्रत्येक बाईची उंची बघून मनात दाराशी तुलना करत होते. शाळा, देवळाचा हॉल, सोसायट्यांचे क्लब हाउस, सगळीकडे विचारलं. कुणाला भाडं हवं होतं, कुणाला लिफ्टशेजारची अडगळ द्यायची होती. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, त्याचा उपयोग काय? मी म्हटलं, तुमच्या क्लब हाउसचा काय उपयोग? तिथलं बोलणं तिथेच संपलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. दुकानात या, आत्ता. मला वाटलं, माळा रिकामा करा असं सांगणार. जिना चढायच्या तयारीने गेले आणि दुकानासमोरच थांबले. 

दुकानाची दर्शनी भिंत, जिथे कुकरचा मनोरा असतो, स्टीलच्या डब्यांची माळ असते, जी भिंत बघूनच गिऱ्हाईक आत येतं, ती भिंत मोकळी होती. शेठ स्वतः स्टुलावर चढून शेवटचा खिळा काढत होते. रॅक फुटपाथवर पडलं होतं.

मला बघून खाली उतरले. ''बेन, ही भिंत चालेल का बघा. टेप आणलीय ना या वेळी?''

धनत्रयोदशी तोंडावर आली होती. भांड्यांच्या दुकानाला धनत्रयोदशी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वर्षाची कमाई त्या आठवड्यात होते. आणि हा माणूस, जो माझी पिशवी पायरीवर ठेवू देत नव्हता, त्याने भिंतच काढून दिली होती.

मी म्हटलं, ''शेठ, तुमचे कुकर?''

''आत गल्ल्याच्या मागे ठेवीन. दिवाळीत कुकर कुठे पळून जातायत?'' मग घाम पुसत म्हणाले, ''घर बघायला येणारे लोक आधी दुकानच बघणार ना. माळा बाद में.''

त्यांच्या घरून दिवसभर फोन येत होते. गुजरातीत काय बोलणं झालं ते मला कळलं, पण न कळल्यासारखं मी मोजत राहिले. दार त्या भिंतीला उभं राहत होतं, वर हातभर जागा सुटत होती. त्या क्षणी मला माझ्या मंडळाचा जो अभिमान वाटला तो शब्दात सांगायची माझी पद्धत नाही, पण इथे लिहायला बसलेय म्हणून लिहिते. मला वाटलं, आपण गरीब मंडळ नाही. आपल्यासारखं श्रीमंत मंडळ या मुंबईच्या अंगाला दुसरं नसेल.

ठरल्याप्रमाणे रविवारी काका आणि मावशी आले. काकांच्या हातात दाराच्या उंचीचा तोडलेला बांबू होता. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच त्यांनी तो भिंतीला लावून उभा केला. बांबूच्या वर मोकळी भिंत दिसली तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. शेठनी लिंबूसरबत मागवलं. काकांनी रस्त्याकडे पाहिलं, माणसं कशी घोळक्याने जातायत ते पाहिलं. म्हणाले, ''हितून सगला भाईंदर जातो.''

''जातो ना,'' शेठ म्हणाले. ''सब देखेंगे.''

मावशी स्टुलावर बसून होत्या. त्यांनी भिंत पाहिली, बांबू पाहिला, मला पाहिलं. मग विचारलं, ''उघडील कोन?''

मला प्रश्न कळला नाही. सचिवला कळला. ती हळूच म्हणाली, ''ताई, त्या म्हणतायत, नुसतं भिंतीला चिकटवणार, की दार वर-खाली होणार?''

मी त्याचा विचारच केला नव्हता. पण मी ताबडतोब म्हटलं, ''उघडणार. तसंच बसवू.'' दुसरा शब्दही दिला, आणि दुसऱ्याही वेळी आधी मोजलं नाही. काही माणसं सुधारत नाहीत.

हाटकेशला एका गाळ्यात खिडक्यांची ग्रिल करणारा वेल्डर आहे, माझ्या एका गिऱ्हाइकाचा नवरा. त्याच्याकडे गेले. खांबांना धक्का लागता कामा नये, लाकडाला भोक पाडायचं नाही, वजन सगळं लोखंडी चौकटीने घ्यायचं आणि फळी खाचेतून सरकली पाहिजे. तो म्हणाला, ग्रिल सांगा, अशा भानगडी नको. मग त्याने दार पाहिलं. त्यानंतर तो रोज संध्याकाळी काहीतरी नवीन घेऊन यायचा, रबराची पट्टी लावू का, खाली थोडं उचलून धरू का. चौकटीच्या लोखंडाचे तेवढे पैसे घेतले त्याने, मजुरी म्हणून त्याच्या बायकोचे ब्लाउज मी वर्षभर शिवणार असं ठरलं. अजून शिवतेय. तिची आवड चोखंदळ आहे.

मुर्ध्याहून दार निघालं तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. मावशींनी फळीला हळदकुंकू लावलं, बांधावरची मूठभर माती पुडीत बांधून सचिवच्या हातात दिली. काकांनी टेम्पोच्या चालकाला तीनदा सांगितलं, हळू. टेम्पो वळणाआड गेला तरी ते रस्त्यातच उभे होते.

धनत्रयोदशीला शेठच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर मोठं काळं-करडं दार बघून माणसं थबकायची. कुणी विचारायचं, ''ये बेचने का है?'' शेठ म्हणायचे, ''कुकर बेचने का है. ये मुर्धा का है.'' ते असं म्हणायचे जणू मुर्धा त्यांचं आजोळ आहे. कुकर कमी गेले की जास्त, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

भाऊबीज झाली आणि माहेरपणाचा रविवार आला. उखळवाल्या बाई आल्या, फावड्यावाले आले, लग्नातल्या लुगड्यांवाल्या दोघी बहिणी आल्या. वर माळ्यावर चकलीचा वास आणि भांडणं. मी मात्र खालीच, दाराशी उभी होते. मावशी अजून आल्या नव्हत्या. मला वाटू लागलं, येणार नाहीत. दिलेल्या मुलीच्या सासरी सारखं जाऊ नये असं मानणारं माणूस आहे ते.

त्या आल्या, काकांच्या हाताला धरून. नवी कोरी साडी नेसल्या होत्या. दारासमोर उभ्या राहिल्या. चौकटीत दार सरळ, पायाशी सचिवने ठेवलेली बांधावरची माती एका वाटीत. मावशींनी खांबाला हात लावला, खाचेतून बोट फिरवलं. मग कनवटीला हात घालून एक कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. कापड सोडलं. आत काळीभोर, हाताने गुळगुळीत झालेली लाकडी खुंटी होती.

काका एकदम म्हणाले, ''वैनी, ही हरवली व्हती ना?''

''तुमच्यासाठी हरवली व्हती,'' मावशी म्हणाल्या. ''देवाऱ्यात व्हती माझे.''

सगळे हसले, काकासुद्धा. शेठनी गल्ला बंद केला आणि बाहेर आले. माळ्यावरची मंडळी जिन्यावर जमली. मावशी मला म्हणाल्या, ''धर तिकून.''

मी एका बाजूने फळी धरली, त्यांनी दुसऱ्या बाजूने. सत्तरी ओलांडलेली बाई, पण फळी ओढताना मला वाटलं मीच अडखळतेय. फळी खाचेतून करकरली आणि वर आली. हातभर. तेवढ्यात त्यांनी खुंटी भोकात घातली. दार तिथेच थांबलं. खाली फटीतून दुकानाची भिंत दिसत होती, पण त्या वाकून बघत राहिल्या, जसं पाणी येईल म्हणून बघतात.

मग त्या सरळ झाल्या. ''आला,'' म्हणाल्या.

आम्ही फळी धरली, त्यांनी खुंटी काढली, दार खाली आलं. त्यांनी खुंटी परत कापडात गुंडाळली आणि मला वाटलं आता कनवटीला खोचतील. त्यांनी माझा हात ओढला, कापडासकट खुंटी माझ्या तळव्यावर ठेवली आणि वरून माझी बोटं मिटली. 

''ज्याचे हातात खुंटी, त्याचे हातात पानी,'' त्या म्हणाल्या. ''आता कवा घ्यायचा, कवा सोडायचा, ता तू बघ.''

काका माझ्याकडे बघत होते. ते म्हणाले, ''बाय, आता कोनी विचारला गाव कोनता, तर मुर्धा सांगायचा.''

मी नमस्कार करायला वाकले. मावशी म्हणाल्या, पुरे, तिकडे चकल्या संपतील.

खुंटी आता माझ्या दुकानात असते, आरशाच्या वर, टेपशेजारी. माहेरपणाच्या दिवशी घेऊन जाते, दार उघडते, मावशींना दाखवते, परत आणते. गिऱ्हाईक ब्लाउज घालून आरशात बघताना विचारतं, ताई, हे काय लटकवलंय? मी माप लिहून घेते आणि सांगते, मुर्ध्याचं पाणी माझ्या ताब्यात आहे.